रविवारचे पोहे आणि साडेचारशे सीसी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सुपरक्रॉसवर, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींवर, सहज अर्धं पान लिहिलं होतं. संपादक म्हणाले होते हे कोण वाचणार, इंदूरच्या मराठी माणसाला नाटक, गाणं आणि रात्रीचं सराफ्यातलं खाणं एवढंच कळतं. आणि आता पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून इतकं आलंय की तेच म्हणाले पानं घ्या पण एकदाचं संपवा. नावं छापत नाहीये, फक्त एरिया टाकतो, कारण दोन-तीन जणांनी घरच्यांना न सांगता विचारलंय.

राजेंद्र नगर, अकरावीतला विद्यार्थी : काका, मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस एकच ना? बाबा म्हणतात दोन्हीत चिखलच उडतो. आणि लाइव्ह किती वाजता असतं, आमच्याकडे रात्री दहाला मोबाइल जमा होतो.

चिखल दोन्हीत उडतो, बाबांचं बरोबर आहे, फक्त एकीकडे चिखल जागेवरच असतो आणि दुसरीकडे ट्रक भरून आणावा लागतो. मोटोक्रॉस म्हणजे मोकळ्या रानातलं, टेकडी असेल तर टेकडी, उतार असेल तर उतार, जमीन जशी आहे तसा ट्रॅक. इंग्लंडमध्ये कँबर्लीला १९२४ साली अशी पहिली शर्यत झाली, तेव्हा त्याला स्क्रॅम्बल म्हणायचे. सुपरक्रॉस हे मात्र अमेरिकन डोकं. लोक रानात येत नाहीत ना, मग रानच शहरात आणू. १९७२ ला लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये माती टाकून शर्यत केली आणि ती जिंकली मार्टी ट्राइप्स नावाच्या पोराने, वय १६. (हे वाक्य बाबांना वाचून दाखवू नकोस.) १९७४ पासून त्याची रीतसर चॅम्पियनशिप सुरू झाली.

आता कसं असतं बघ, फुटबॉलच्या स्टेडियममध्ये गवतावर प्लॅस्टिक आणि प्लायवुड अंथरतात, त्यावर जवळपास पाचशे ट्रक माती ओततात, बुलडोझरने तिचे ट्रिपल (एका उडीत पार करायचे तीन उंचवटे), व्हूप्स (एकामागे एक ढिगांची रांग), वळणं बनवतात आणि शनिवारी रात्री शर्यत झाली की सगळं परत उचलून नेतात. एक लॅप साधारण मिनिटभराचा. मोठ्या म्हणजे ४५० सीसीच्या क्लासची फायनल २० मिनिटं अधिक एक लॅप, २५० ची १५ मिनिटं अधिक एक. स्टार्टच्या गेटवर २२ जण. अमेरिकेतला सीझन जानेवारी ते मे, १७ राउंड. मग लगेच मेच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत बाहेरचं मोटोक्रॉस, तिथे गेटवर ४०, आणि एकाच दिवशी ३० मिनिटं अधिक दोन लॅपच्या दोन मोटो (म्हणजे शर्यती), तेही उन्हाळ्यात. सुपरक्रॉस म्हणजे फटाका आणि आउटडोअर म्हणजे वेठबिगारी असं मी म्हणतो. २०२३ पासून दोन्हीचे पॉइंट मिळवून शेवटी तीन राउंडचा प्लेऑफपण असतो.

लाइव्हची चिंता सोड. तिकडची शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ. कॅलिफोर्नियात राउंड असला की फायनल आपल्याकडे सकाळी नाश्त्याच्या वेळेला, म्हणजे पोहे-जलेबी घेऊन बसायचं. पूर्वेकडच्या शहरात असला तर पहाटे उठावं लागतं. मोबाइल तोपर्यंत मिळतो ना परत?

रामबाग, एक आजी : नातू सारखा टीम टीम करतो. गाडीवर तर एकच जण बसलेला दिसतो, मग बाकीचे काय करतात? क्रिकेटमध्ये अकरा असतात ते समजतं.

आजी, तुमचा प्रश्न सगळ्यात भारी आहे म्हणून सगळ्यात मोठं उत्तर तुम्हाला.

तुम्ही आपल्या सानंद संस्थेच्या नाटकांना जात असाल असं गृहीत धरतो. स्टेजवर एक जण तासभर बोलतो, टाळ्या त्याला, पण नेपथ्य कोणी लावलं, लाइट कोणी दिला, कपड्यांची पेटी कोण घेऊन आला? तसंच. मोठ्या कंपनीच्या टीममध्ये, म्हणजे होंडा, यामाहा, कावासाकी, केटीएम वगैरेंची फॅक्टरी टीम म्हणतात ती, एका क्लासला दोन-तीनच रायडर असतात आणि त्यांच्यामागे भलंमोठं वऱ्हाड. टीम मॅनेजर, क्रू चीफ, प्रत्येक रायडरचा स्वतःचा मेकॅनिक, प्रॅक्टिसच्या गाडीचा आणखी वेगळा मेकॅनिक, इंजिनवाला, सस्पेन्शनवाला, ट्रेनर आणि ट्रक चालवणारा. हा ट्रक ड्रायव्हर म्हणजे साधा माणूस समजू नका. रायडर विमानाने जातो, गाड्या ट्रकमधून जातात, आणि सतरा आठवड्यांत अमेरिकेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो ट्रक एकदाही उशिरा पोचून चालत नाही. ट्रकमध्ये अख्खं वर्कशॉप असतं, शर्यतीच्या दिवशी त्याच्या बाजूने मांडव पसरतात आणि तीच पिट.

आठवड्यात दोन-तीन दिवस रायडर घरच्या ट्रॅकवर प्रॅक्टिस करतो, ती प्रॅक्टिसची गाडी. रेसची गाडी वेगळी, ती दर आठवड्याला नटबोल्टपर्यंत सुटी करून पुन्हा जोडतात. शनिवारी सकाळी सगळे चालत ट्रॅक बघून येतात, मग प्रॅक्टिस, घड्याळ लावून मोजलेलं क्वालिफाइंग, संध्याकाळी हीट, म्हणजे फायनलआधीच्या निवडीच्या शर्यती. दोन हीट, प्रत्येकीतले पहिले नऊ फायनलला, म्हणजे अठरा झाले. उरलेल्यांची एक शेवटची शर्यत, त्यातले फक्त चार आत. अठरा आणि चार बावीस. त्या चार जागांसाठी जी मारामारी होते ना, मला विचाराल तर खरा खेळ तिथे बघायचा. तिथे बहुतेक ते असतात ज्यांच्यामागे कंपनी नाही, स्वतःच्या व्हॅनमध्ये गाडी टाकून, कधी बायको नाहीतर बाप मेकॅनिक, असे आलेले. प्रायव्हेटीयर म्हणतात त्यांना.

आणि आता तुम्हाला आवडेल ते सांगतो. एवढं मॉडर्न सगळं, पण रायडरच्या कानात रेडिओ नसतो. मग त्याला सांगायचं कसं? ट्रॅकच्या कडेला मेकॅनिक लोकांना एक पट्टा आखून दिलेला असतो, तिथे तो पाटी घेऊन उभा. अगदी आपली शाळेतली पाटी. मार्करने लिहायचं, दर लॅपला पुसायचं, परत लिहायचं. "तिसरा. पुढे १.२ सेकंद. व्हूप्स डावीकडून." रायडरकडे ती वाचायला एखादा सेकंद असतो, तेही गॉगलवर माती आणि छातीत धडधड. त्यामुळे जास्त लिहून चालत नाही, चुकीचं लिहून तर अजिबातच नाही, आणि पोरगा खचलेला दिसला की नुसतं "श्वास" एवढंच लिहायचं. विंगेतला प्रॉम्प्टर असतो ना आजी, तोच हा, आवाज नसलेला.

एक नाव नातवाला विचारा, मिच पेटन. तरुणपणी शर्यतीतच अपघात झाला आणि तेव्हापासून व्हीलचेअरवर. पण १९७८ ला प्रो सर्किट नावाचं दुकान काढलं, इंजिनं सुधारून द्यायचं, १९९१ ला स्वतःची टीम केली, आणि पुढे जेवढे मोठे झाले त्यातले कितीतरी पोरगे याच्या हाताखालून गेले. जेरेमी मॅकग्रा, रिकी कारमायकल, रायन विलोपोटो. स्वतः गाडीवर बसता येत नाही असा माणूस चाळीसहून जास्त वर्षं सांगतोय की गाडी कशी असावी. नातू टीम टीम करतो ते उगाच नाही.

मालवा मिल, टू-व्हीलर गॅरेजवाले : आमच्याकडे स्प्लेंडर साठ-सत्तर हजार किलोमीटर बिनधास्त चालते. ह्या लोकांच्या गाडीचं इंजिन किती किलोमीटर टिकतं? ॲव्हरेज?

दादा, त्यांच्या गाडीला किलोमीटर मोजायचं मीटरच नसतं. स्पीडोमीटर नाही, किल्ली नाही, लाइट नाही, इंडिकेटर नाही, साइड स्टँडसुद्धा नाही. उभी करायची तर बाजूला त्रिकोणी स्टँड खोचायचा नाहीतर खालून उचलून ठेवायची. हिशोब सगळा तासांचा, जसा आपल्याकडे ट्रॅक्टर नाहीतर जनरेटरचा असतो. पाच-सहा तासांत ऑइल, आणि २५० ची गाडी जोरात पळवणारा असेल तर पंधरा-वीस तासांना पिस्टन. फॅक्टरीवाले तर त्याच्याही आधी. तुमच्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर तो स्प्लेंडरला नमस्कार करेल.

पण तुलना करायचीच तर अशी करा. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो आणि ४५० च्या मोटोक्रॉस गाडीचंही ११० च्याच आसपास. एकसारखं वजन. स्प्लेंडरची ताकद ८ एचपी, हिची पन्नासच्या वर. आता विचार करा तुमच्या गल्लीतली स्प्लेंडर सहा-सातपट जोराने सुटली तर काय होईल. पुढच्या फोर्कचा खेळ जवळपास एक फूट, म्हणजे ३०० मिलिमीटर. पेट्रोल टाकी सहा-सात लिटरची, त्यात फायनल संपते, बास, ॲव्हरेज हा शब्दच त्यांच्या डिक्शनरीत नाही.

सस्पेन्शनचं थोडं जास्त सांगतो कारण तुम्ही मेकॅनिक आहात आणि तुम्हाला मजा येईल. पहिली गोष्ट सॅग. रायडरला हेल्मेट, बूट सगळं घालून गाडीवर बसवतात, मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून फेंडरपर्यंतचं अंतर आणि माणूस बसल्यावरचं अंतर, यातला फरक टेपने मोजायचा. साधारण १०० ते १०५ मिलिमीटर यावा लागतो. तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चांगला रायडर येऊन सांगतो की गाडी वळत नाहीये. मग कॉम्प्रेशन (दबणं) आणि रिबाउंड (परत वर येणं) किती वेगाने व्हावं त्याचे क्लिक, एक क्लिक आत, दोन बाहेर. व्हूप्स म्हणजे कमरेएवढ्या मातीच्या ढिगांची लाइन, आठ-दहा, एकामागे एक. त्यावरून हळू जायचा प्रश्नच नाही, हळू गेलं की चाक खड्ड्यात पडतं आणि माणूस हँडलवरून पुढे. वेगात जायचं, चाकांनी फक्त शेंड्यांना शिवत जायचं. रिबाउंड जरा चुकलं तर चौथ्या-पाचव्या ढिगाला मागचं चाक लाथ मारायला लागतं. शनिवारी दुपारभर मेकॅनिक आणि रायडर जे कुजबुजत असतात ना ते ह्या क्लिकवरच.

महू, एक जण (पैज लागली आहे) : मित्र म्हणतो सगळ्या शर्यती जिंकून सीझन मारणारा जेट लॉरेन्स पहिला. मी म्हणतो कारमायकल. छप्पन दुकानवर खायच्या पार्टीची पैज आहे.

पार्टी तू जिंकलास. रिकी कारमायकलने आउटडोअरमध्ये २००२ ला २४ पैकी २४ मोटो जिंकल्या, आणि एकदा तुक्का लागला म्हणतील म्हणून की काय २००४ ला परत २४ पैकी २४. मग २००८ ला जेम्स स्टुअर्टने तेच केलं. जेट लॉरेन्सचं २०२३ मधलं, ११ राउंड, २२ पैकी २२, आणि तो ४५० मध्ये आउटडोअरचा त्याचा पहिलाच सीझन, वय जेमतेम २०. त्यामुळे मित्राला भुट्टे का कीस तू खाऊ घाल, बाकीचं बिल त्याचं.

मात्र हे सगळं आउटडोअरचं. सुपरक्रॉसमध्ये असा एकही न हरता मारलेला सीझन कोणाचा नाही. सगळ्यात जवळ गेला तो मॅकग्रा, १९९६ ला १५ पैकी १४. एक हरला, सेंट लुईसला, जेफ एमिगकडून. त्या मॅकग्राचे सुपरक्रॉसचे ७२ विजय आणि ७ टायटल, अजून कोणी हात लावलेला नाही. स्टेडियम बारकं, स्टार्ट गेला की पुढच्याला ओलांडायला जागाच नाही, म्हणून तिथे सलग जिंकणं जास्त अवघड असं माझं मत. तुझा मित्र भांडेल, भांडू दे.

पिथमपूर, एका कंपनीत ट्रेनी : सर, आपल्याकडे नॅट्रॅक्सचा एवढा मोठा ट्रॅक आहे, आशियातला सगळ्यात लांब म्हणतात. तिथे सुपरक्रॉस का नाही होत?

भिया, तो डांबराचा आहे. ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ओव्हल, २०२१ ला उद्घाटन झालं, गाड्या टेस्ट करायला बांधलेला. तिथे मोटोक्रॉस म्हणजे स्विमिंग पूलमध्ये कुस्ती. सुपरक्रॉसला एक बऱ्यापैकी स्टेडियम, चांगली माती आणि बसायला लोक लागतात. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची इंदूरला कमी नाही. दुसरीबद्दल खालच्या पत्रात.

देपालपूर, शेतकरी : मुलाने बघून सांगितलं की तिकडे मातीचा ट्रॅक करतात. माती तर आपल्याकडे पोत्याने आहे. दोन एकर पडीक आहे, करता येईल का?

दादा, माती आहे पण काळी आहे. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तिच्यातच वाढलात. पाणी पडलं की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. ट्रॅकला अशी माती लागते की पाणी मारलं तर दबते, टायरला पकड देते आणि उडी मारायचा चढ दिवसभर तसाच उभा राहतो. चिकणमाती आणि रेती असं मिश्रण चांगलं. तिकडे पाऊस झाला तर मातीत चुना मिसळून ओल कमी करतात. आपल्या काळ्यात नुसता चुना टाकून भागेल असं वाटत नाही. मुरूम आणि रेती मिसळावी लागेल, आणि वर्षातून आठ महिनेच वापरता येईल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. नव्वदच्या दशकात इथेच शहराबाहेर एक डर्ट रेस झाली होती, सप्टेंबरात, मी आरएक्स १०० घेऊन उतरलो होतो. आदल्या रात्री पाऊस. दुसऱ्या लॅपला माझ्या पुढच्या चाकाचं आणि मडगार्डचं काळ्या मातीने असं लग्न लागलं की चाक फिरायचंच बंद झालं, गाडी उभीच्या उभी थांबली आणि मी पुढे. मोटोक्रॉस गाडीचं पुढचं मडगार्ड टायरपासून वीतभर वर असतं ते का, हे मला त्या दिवशी हवेत असताना समजलं. मित्र काठीने माती खरवडत होता आणि मी गळ्याचं हाड धरून बसलेलो. अँब्युलन्स होती, ड्रायव्हर चहा प्यायला गेलेला. आयोजक कोण ते सोडा.

तर दोन एकरात पोरांना शिकायला छोटा ट्रॅक होऊ शकतो. उड्या बुटक्या ठेवा, वर सपाट, म्हणजे कमी पडला तरी वरच पडेल. टेबलटॉप म्हणतात त्याला. मधे खड्डा असलेली डबल-ट्रिपल अजिबात करू नका. आणि अँब्युलन्सचा ड्रायव्हर जागेवर बसवून ठेवा, चहा तिथेच पाठवा.

स्नेहलता गंज, बी.कॉम. दुसरं वर्ष : गॉगलवरून सारखं काहीतरी ओढून फेकतात ते काय?

पातळ पारदर्शक फिल्म, एकावर एक बऱ्याच लावलेल्या. माती उडाली की वरची ओढायची, खाली स्वच्छ. कांद्याच्या पापुद्र्यासारखं. घाईत दोन-तीन एकदम ओढली गेली तर शेवटचे लॅप आंधळे.

जेल रोड, निवृत्त बँकवाले : हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्या देशात अशी टीम आहे का, की नुसतं बघायचंच?

आहे ना काका, आणि जुनीपण आहे. टीव्हीएसची रेसिंग टीम १९८२ पासूनची. आपल्याकडे सुपरक्रॉसची नॅशनल चॅम्पियनशिप वर्षानुवर्षं होते. हरिथ नोआ पाच वेळा तिचा चॅम्पियन, मग हाच पोरगा वाळवंटातल्या डकार रॅलीला गेला आणि २०२४ ला रॅली २ क्लास जिंकला, सगळ्यांत मिळून ११ वा. त्याच्याआधी सी. एस. संतोष, तोही मोटोक्रॉसमधूनच आलेला, २०१५ ला डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय. म्हणजे आपल्याकडे मातीतून थेट वाळवंटात जायची लाइन लागलीये. मराठी नाव हवंच असेल तर पुण्याचा ऋग्वेद बारगुजे लक्षात ठेवा.

आणि २०२४ ला लीगच सुरू झाली, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग. आयपीएलसारखा ऑक्शन, फ्रँचायझी टीम, परदेशी रायडर आणि आपले रायडर एकाच टीममध्ये. पहिला सीझन पुणे, अहमदाबाद, बेंगळुरूला झाला आणि संतोषच्या बिगरॉक टीमने जिंकला. कोल्हापूरच्या मोहित्यांचीही टीम त्यात होती. पुढच्या सीझनला सलमान खानला ब्रँड ॲम्बॅसॅडर केलं. आता सलमानचा जन्म इंदूरचा, हे आपण शहरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो, मग एक राउंड इंदूरला ठेवा एवढं त्याला कोणी सांगायचं? अहमदाबादला होतं तर आपल्याकडे का नाही? मी दर महिन्याला हे लिहिणार आहे, संपादक कापेपर्यंत.

सुदामा नगर, एक आई : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. सायकल रेसिंग करते, आता डर्ट बाइक शिकायची म्हणते. सासरचे म्हणतात मुलीचं काम नाही. मला मुलीचं वाटत नाही, हाडांचं वाटतं.

ताई, तुमची काळजी योग्य जागी आहे, सासरच्यांची नाही. आधी त्यांचं उरकू. ऐश्वर्या पिस्से, बेंगळुरूची, २०१९ ला बाहा वर्ल्ड कपमध्ये (रानावाळवंटातल्या रॅली) महिलांचं टायटल जिंकून आली, मोटरस्पोर्टमध्ये वर्ल्ड टायटल आणणारी पहिली भारतीय. आणि अमेरिकेत ॲशली फिओलेक नावाची मुलगी होती, जन्मापासून ऐकू येत नाही. मोटोक्रॉसमध्ये इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकतात, ती काय करायची, तर गाडीच्या थरथरीवरून ओळखायची, पायाला आणि हाताला जे जाणवतं त्यावर. मागून कोण येतंय ते ऐकू येत नाही म्हणून आपली लाइन सोडायची नाही. चार वेळा महिलांची नॅशनल चॅम्पियन झाली. सासरच्यांना एवढं पुरे व्हावं.

आता हाडं. खोटं सांगणार नाही, हाडं मोडतात, ह्या खेळात टॉपचा असा रायडर दाखवा ज्याचं गळ्याचं हाड, मनगट नाहीतर गुडघा कधी गेला नाही. पण किती आणि कशी मोडायची ते बरंचसं आपल्या हातात आहे. क्रम उलटा करा. लोक आधी गाडी घेतात मग उरलेल्या पैशात हेल्मेट. तुम्ही आधी मापाचं चांगलं हेल्मेट घ्या (मोठं होईल, पुढच्या वर्षीपण चालेल असा विचार शाळेच्या बुटात करायचा, हेल्मेटमध्ये नाही), मग मोटोक्रॉसचेच बूट, ते नडगीपर्यंत कडक असतात, मग गुडघे, छाती-पाठीचा गार्ड, नेक ब्रेस. ह्या सगळ्याचे पैसे झाल्यावर गाडी. आणि तेरा वर्षांच्या मुलीला ८५ सीसी पुरे, २५० ची भूक लागू देऊ नका. मोठ्या खऱ्या मोटोक्रॉस गाड्या आपल्याकडे कित्येक लाखांच्या घरात जातात आणि रस्त्यावर तर आणताच येत नाहीत, नंबर प्लेटच मिळत नाही. म्हणून अकॅडमीत त्यांच्या गाडीवर शिकणं स्वस्त पडतं. पुणे, कोल्हापूर, बेंगळुरूकडे अशा जागा आहेत, सुट्टीत आठवडाभर पाठवून बघा, तुम्हीही जा. तिथे पोचल्यावर सगळ्यात आधी हे बघा की लाल प्लस काढलेला झेंडा म्हणजे काय हे तिथल्या मास्तरांनी मुलांना शिकवलंय का. तो दिसला की उडी मारायची नाही, चाकं जमिनीवर ठेवायची, कारण पलीकडे कोणीतरी पडलंय. जिथे हे पहिल्या दिवशी शिकवत नाहीत तिथून परत या.

स्पर्धेत उतरायचं झालं की एफएमएससीआयचं, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स लागतं आणि अठराच्या खाली आईबापाची सही. म्हणजे शेवटची सही तुमचीच आहे. डोक्याला मार लागून चक्कर आली, उलटी झाली, "मी ठीक आहे" म्हणत असली तरी त्या दिवशी परत गाडीवर नाही. हाड जोडता येतं ताई.

सायकलिंग सोडू देऊ नका मात्र. हे सगळे मोठे रायडर आठवड्याला तासन्‌तास सायकलच मारतात. फायनलला हृदयाचे ठोके १८० च्या वर जातात, आणि हात इतके भरून येतात की मनगटापासून कोपरापर्यंत लाकूड होतं, क्लच दाबवत नाही. आर्म पंप म्हणतात. घट्ट धरणाऱ्याला जास्त होतो.

वैशाली नगर, "फ्यूचर रेसर" : भिया, रात्री सुपर कॉरिडॉरवर मी दोनशे मीटर व्हीली मारतो, व्हिडिओ पाठवतोय. टीमवाले घेतील का, कोणाशी बोलावं लागेल?

व्हिडिओ बघितला. हेल्मेट नव्हतं म्हणून अर्धाच बघितला.

आता ऐक. गेट पडतं तेव्हा २२ जण एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर जो पहिला पोचतो त्याला होलशॉट म्हणतात, अर्धी शर्यत तिथेच ठरते. त्या वेळी पुढचं चाक उचललं गेलं तर थ्रॉटल सोडावा लागतो, आणि थ्रॉटल सोडला की पंधरा जण पुढे. म्हणून ही सगळी मंडळी टाकीवर छाती टेकवून बसतात, शिवाय पुढच्या फोर्कला एक खटका असतो, स्टार्टच्या आधी मेकॅनिक गाडीच्या नाकावर सगळं वजन टाकून फोर्क दाबतो आणि खटका अडकवतो, म्हणजे गाडीचं नाक खाली राहावं. पहिल्या वळणाला ब्रेक मारला की तो आपोआप सुटतो. पुढचं चाक जमिनीवर ठेवायला ते एवढा जुगाड करतात आणि तू ते वर ठेवायची प्रॅक्टिस करतोयस.

आणि सायलेन्सर ओरिजिनल लाव. सुपर कॉरिडॉरच्या बाजूला राहणाऱ्या तिघांची पत्रं आलीयेत ह्याच महिन्यात, तिन्हीत मोटोक्रॉसबद्दल काही नाही, तुझ्याच गाडीबद्दल आहेत.